जेवणाआधी नव्वद मिनिटं: नॉन-लीग क्लब आणि त्याचे स्वयंसेवक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या स्टेप ६ वरच्या एका फुटबॉल क्लबच्या कमिटीवर तुम्ही नुकतेच आलात. मोसमाअखेर स्वयंसेवकांचे आभार मानायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय. हाताशी पैसा नाही. दरवर्षी जेवण आणि स्मृतिचिन्हं देऊनही दर उन्हाळ्यात दोन-तीन कामाची माणसं सोडून जातात. मग करायचं काय?

मी मूळचा कोल्हापूरचा. दक्षिण इंग्लंडमधल्या अशाच एका क्लबचा बरीच वर्षं सेक्रेटरी आहे, त्याआधी टर्नस्टाइलवर, म्हणजे तिकिटाच्या फिरत्या फाटकावर, बसायचो. जेवण चालू ठेवा, त्यात वाईट काहीच नाही. पण जे सोडून जातात ते जेवण बेचव होतं म्हणून जात नाहीत. राजीनामा मे महिन्यात येतो खरा, पण माणूस मनानं फेब्रुवारी-मार्चमध्येच गेलेला असतो. तेव्हा त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, एवढंच.

इतर वाचकांसाठी दोन ओळी. प्रीमियर लीग आणि तिच्याखालच्या ईएफएलच्या (इंग्लिश फुटबॉल लीगच्या) तीन लीग मिळून ९२ क्लब होतात. त्याखाली जे काही आहे त्या सगळ्याला नॉन-लीग म्हणतात. नॅशनल लीग म्हणजे स्टेप १, आणि तिथून पायऱ्या खाली उतरत जातात. स्टेप ५ वर १६ विभाग, स्टेप ६ वर १७, आणि त्याखाली काउंटी पातळीच्या लीग. वरच्या एक-दोन पायऱ्यांवर पूर्णवेळ पगारी खेळाडू आणि ऑफिसचे नोकर सापडतात. तुमच्या-माझ्या पातळीवर शनिवारी दुपारी तीनला शंभर-दीडशे माणसं येतात, आठ-दहा पाउंडांचं तिकीट काढतात, म्हातारे आणि मुलं त्याहून कमी देतात. त्यातून रेफरी आणि दोन सहाय्यकांचं मानधन, वीज, विमा, मैदानाचं भाडं, बस हे सगळं भागवायचं. भागत नाहीच. मधली फट भरते ती फुकट काम करणाऱ्यांच्या हातांनी.

आता मुद्द्याचं. एक कागद घ्या आणि एका घरच्या सामन्याला काय काय करावं लागतं ते, करणाऱ्याच्या नावासह, लिहून काढा. जेवणाचं आमंत्रण पाठवण्याआधीचं हे काम आहे, आणि बहुतेक कमिट्यांनी ते कधी केलेलंच नसतं. सकाळी मैदान कोण बघतं? रात्री पाऊस झाला असेल तर काटेरी फोर्क घेऊन पाणी साचलेल्या जागी भोकं कोण पाडतं? रेफरीला लवकर येऊन पाहणी करायला फोन कोण करतं? पांढऱ्या रेषा, कोपऱ्यातले झेंडे, गोलच्या जाळ्या. दोन्ही ड्रेसिंग रूम झाडणं, पाहुण्यांसाठी चहा, पंचांसाठी पैशांचं पाकीट. टर्नस्टाइलवर सुटे पैसे आणि कार्डाचं मशिन. सामन्याची छापील पुस्तिका, म्हणजे प्रोग्रॅम, लिहिणारा, विकणारा. माइकवर नावं वाचणारा, सोशल मीडियावर गोल टाकणारा. रॅफलची, म्हणजे सोडतीची, तिकिटं विकणारी. टी हटमध्ये चहा, बोव्हरिल (मांसाच्या अर्काचं गरम पेय), चिप्स, पाय (सारण भरलेली पेस्ट्री). क्लबहाउसचा बार. सामना संपल्यावर चिखलानं माखलेलं सोळा-सतरा जणांचं किट घरी नेऊन धुणारं कुणीतरी. आणि या सगळ्यावर सेक्रेटरी. खेळाडूंची नोंदणी, लीगशी पत्रव्यवहार, तारखा, दंड, निकाल वेळेत कळवणं हे सगळं त्याच्याकडे. निकाल उशिरा कळवला तर लीग दंड लावते, आणि तो दंड बहुधा रॅफलच्या पैशांतूनच जातो.

कागद भरला की दोन गोष्टी दिसतील. एक, चार-पाच नावं प्रत्येकी चार-पाच ठिकाणी आहेत. दोन, काही कामांपुढे कमिटीत कुणालाच नाव लिहिता येत नाही. काम तर होतंय, कोण करतं ते माहीत नाही. आमच्याकडे पाहुण्यांच्या ड्रेसिंग रूममधला हीटर दर शनिवारी दुपारी कोण लावून ठेवतं, हे कमिटीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. ज्या माणसाचं काम आपल्याला ठाऊक नाही त्याला 'सगळ्या स्वयंसेवकांचे मनापासून आभार' या वाक्यात गुंडाळलं की त्याला ते बरोबर कळतं. माइकवरून सरसकट आभार मानणं मी म्हणूनच बंद केलं. नाव घ्यायचं, काम सांगायचं, आणि तेही त्याच आठवड्यात. 'काल पाऊस असूनही सामना झाला, कारण अमुक सकाळी सातपासून मैदानावर होता.' बस्स. डझनभर शब्द, शून्य खर्च.

दुसरं निरीक्षण जरा खोलात सांगतो, कारण सगळ्यात जास्त माणसं इथेच गळतात. बहुतेक स्वयंसेवक फुटबॉलच्या वेडापायी आलेले असतात, आणि आल्यावर त्यांना फुटबॉल बघायला मिळत नाही. टर्नस्टाइलवरचा माणूस तीन वाजून वीस मिनिटांपर्यंत अडकलेला असतो, मग पैसे मोजतो. टी हटमधल्या बाईंना गोल फक्त ऐकू येतो, आणि हाफ-टाइमला तर त्यांच्यापुढे सगळ्यात मोठी रांग असते. कमिटीतले लोक पाहुण्या क्लबच्या मंडळींना सँडविच देण्यात गुंतलेले. वर्षानुवर्षं आपल्या क्लबचा एकही सामना सलग न पाहिलेली माणसं मला माहीत आहेत. त्यांना ताट आणि स्मृतिचिन्ह देण्याआधी नव्वद मिनिटं द्या.

आम्ही ते असं करतो. जानेवारी-फेब्रुवारीतला एक घरचा सामना निवडतो, शक्यतो फार गर्दीचा नसलेला. त्या दिवशी नेहमीचे स्वयंसेवक स्टँडमध्ये बसतात आणि त्यांची कामं जखमी खेळाडू, चेअरमन, मुलांच्या संघांचे पालक आणि प्रायोजक वाटून घेतात. चहा थोडा पाणचट होतो, रांग लांबते, लोक हसतात. पण बदली कामगारांना आदल्या आठवड्यात एकदा शिकवा. फ्रायर आणि गॅस ही थट्टेची गोष्ट नाही. टी हटला स्थानिक कौन्सिलनं दिलेला स्वच्छतेचा शून्य ते पाच गुणांचा दर्जा असतो, तो एका दिवसाच्या गमतीत घालवू नका. बारमध्ये मद्यविक्री परवानाधारकाच्या देखरेखीखालीच व्हायला हवी, आणि अठरा वर्षांखालच्या खेळाडूंना तिथे उभं करू नका. बाकी सगळं निभतं. या दिवसाचा आणखी एक फायदा आहे. चिप्स तळून घामाघूम झालेला सेंटर-हाफ पुढच्या आठवड्यापासून रिकामा कप स्वतः आणून ठेवतो.

महिना मुद्दाम हिवाळ्यातला निवडलाय. ब्रिटनमध्ये जूनच्या सुरुवातीला स्वयंसेवक सप्ताह असतो. पण फुटबॉलवाल्यांसाठी तो अगदी चुकीच्या वेळी येतो, मोसम संपून माणसं सुट्टीवर गेलेली असतात. आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या विश्रांतीत २०१० पासून 'नॉन-लीग डे' साजरा होतो. वरच्या दोन लीग बंद असल्यानं लोक छोट्या क्लबांकडे वळतात. तो दिवसही नको, कारण वर्षातली सगळ्यात मोठी गर्दी त्या दिवशी येते आणि तुमच्या माणसांची तारांबळ उडते. खरी कसोटी लागते ती डिसेंबर ते मार्च. मैदान भिजतं किंवा गोठतं, सामने पुढे ढकलले जातात. सकाळी नऊला सामना रद्द झाला तरी आदल्या दिवशी आणलेले बनपाव, पाय आणि छापलेले प्रोग्रॅम तसेच पडून राहतात. मग हे साठलेले सामने मार्च-एप्रिलमध्ये शनिवार-मंगळवार-गुरुवार-शनिवार असे खेळावे लागतात. खेळाडू थकतात तेव्हा मॅनेजर संघ बदलतो. किट धुणाऱ्याला कोण बदलतं? त्या महिन्यात मंगळवारी रात्रीच्या सामन्याचं किट गुरुवारपर्यंत वाळायचं असतं, आणि इंग्लंडातल्या मार्चमध्ये काही वाळत नाही.

म्हणून पैसे थोडे जरी आले, तरी स्मृतिचिन्हाआधी कामाच्या जागेवर खर्च करा. क्लबहाउसमध्ये मोठं वॉशिंग मशिन आणि ड्रायर बसवणं, टी हटचं गळणारं छप्पर, टर्नस्टाइलच्या खोपटात एक हीटर, मैदानवाल्याला गवत कापायचा चांगला मोअर. मोठ्या कामांसाठी फुटबॉल फाउंडेशनकडे अर्ज करता येतो. प्रीमियर लीग, एफए (इंग्लंडची फुटबॉल संघटना) आणि सरकार यांच्या पैशांवर ही संस्था २००० पासून चालते. अर्ज लिहिणं किचकट आहे, आणि ते पुन्हा सेक्रेटरीच्याच डोक्यावर टाकू नका. कुणाला तरी खास त्याच कामासाठी बोलवा. ऑफिसात आयुष्यभर असले कागद लिहिणारी माणसं स्टँडमध्ये बसलेली असतात, त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

रोख पैसे देऊन आभार मानायचा मोह होईल. तुमच्या आधीच्या खजिनदारानं तसं केलंही असेल. सांभाळून. स्वयंसेवकाला त्याचा झालेला खर्च पावतीवर परत देणं अगदी योग्य आहे, आणि ते न मागता द्या. स्वतःच्या गाडीनं क्लबच्या कामासाठी केलेल्या प्रवासाला एचएमआरसीचा, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याचा, मान्य दर पहिल्या १०,००० मैलांना मैलामागे ४५ पेन्स असा वर्षानुवर्षं चालत आलाय. देताना चालू वर्षाचा दर त्यांच्या साइटवर बघून घ्या. पण 'दर सामन्याला वीस पाउंड' असं ठरावीक काही सुरू केलंत, तर तो माणूस कायद्याच्या नजरेत स्वयंसेवक न राहता कामगार ठरू शकतो, आणि मग किमान वेतन, कर, सुट्ट्या असे प्रश्न उभे राहतात. मोसमाअखेर अनपेक्षितपणे दिलेली वाइनची बाटली वेगळी आणि ठरलेला मोबदला वेगळा. शंका असेल तिथे काउंटी एफएला विचारा. पेट्रोलचे पैसे मागायला लाजणारी माणसं पुष्कळ असतात. खर्चाचा कोरा फॉर्म आपणहून त्यांच्या हातात ठेवणं हेही आभार मानणंच आहे. विमा आणि क्लबची कायदेशीर रचना यांचंही तेच. क्लब नुसती नोंदणी नसलेली संघटना असेल, तर देणी थकल्यावर ती कमिटीतल्या माणसांच्या अंगावर येऊ शकतात. सत्तरीतल्या खजिनदाराला रात्री झोप लागावी असं वाटत असेल तर गॅरंटीवर मर्यादित कंपनी किंवा सामुदायिक सोसायटी होण्याचा विचार करा, त्यात सभासदांची जबाबदारी मर्यादित राहते.

आता जे कुणी उघड बोलत नाही ते. खेळाडूंचं बजेट. हौशी आणि व्यावसायिक हा औपचारिक भेद एफएनं १९७४ मध्येच काढून टाकला, आणि आज स्टेप ५-६ वरही काही क्लब खेळाडूंना आठवड्याला थोडेफार पैसे देतात. काही अजिबात देत नाहीत. ज्या जुन्या इंग्लिश कोरिंथियन संघाच्या १९१० च्या ब्राझील दौऱ्यावरून साओ पाउलोच्या कोरिंथियन्स क्लबनं आपलं नाव घेतलं, त्याच्या परंपरेतला कोरिंथियन-कॅज्युअल्स हा लंडनच्या कडेचा क्लब खेळाडूंना पैसे न देण्याच्या तत्त्वासाठी ओळखला जातो. देणं चूक असं मी म्हणत नाही. पण एक पाउंडाचं एकेक तिकीट विकून रॅफलवाल्या आजींनी महिनाभरात जे जमवलं ते नव्या स्ट्रायकरच्या दोन आठवड्यांत गेलं, आणि तिसऱ्या आठवड्यात तो जास्त देणाऱ्या क्लबकडे निघून गेला, हे आजींना बाहेरून कळलं तर तुमच्या कुठल्याही जेवणाला त्या येणार नाहीत. आकडे सांगा. वर्षातून एकदा सगळ्या स्वयंसेवकांना बसवून पैसा कुठून आला, कुठे गेला, खेळाडूंवर किती गेला ते साध्या भाषेत सांगा. काही जण नाराज होतील. तरीही सांगा.

वर चढायच्या नादात हे विसरलं जातं, म्हणून स्कारबरोचं उदाहरण देतो. १९८७ मध्ये नॉन-लीगमधून थेट बढती मिळवून फुटबॉल लीगमध्ये (आजच्या ईएफएलमध्ये) गेलेला तो पहिला क्लब. वीस वर्षांनी, २००७ मध्ये, कर्जापायी तो बंद पडला. त्याच वर्षी चाहत्यांनी स्कारबरो ॲथलेटिक काढला. गावात मैदान नव्हतं म्हणून २०१७ पर्यंत घरचे सामने शेजारच्या ब्रिडलिंग्टनमध्ये खेळले. दुसऱ्याच्या गावात दहा वर्षं 'घरचे' सामने भरवणं ही मैदानाबाहेरच्या माणसांचीच करामत.

एफए कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेत छोटे क्लब मोठ्यांसमोर येऊ शकतात, आणि तिथे कधी नशीब फळफळतं. तेव्हाही हीच नजर ठेवा. जानेवारी २०२१ मध्ये वरून मोजल्यास आठव्या पातळीवरचा (म्हणजे स्टेप ४ चा), लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीचा मरीन क्लब तिसऱ्या फेरीत प्रीमियर लीगमधल्या टॉटनहॅमशी खेळला. कोविडमुळे प्रेक्षक नव्हते, तर क्लबनं दहा पाउंडांची आभासी तिकिटं काढली आणि ती तीस हजारांहून जास्त खपली. सामना ०-५ हरले, क्लबची आर्थिक घडी सावरली. असं घबाड तुमच्या वाट्याला येईलच असं नाही, पण पात्रता फेरीतला एखादा विजयही बक्षिसाची रक्कम घेऊन येतो. ती आल्याबरोबर मॅनेजर नवा विंगर मागतो. त्याआधीच, ऑगस्टमध्ये, कमिटीत ठरवून ठेवा की कपाच्या बक्षिसातला अमुक हिस्सा स्वयंसेवकांच्या सोयींसाठी. रक्कम हातात आल्यावर हा ठराव कधीच पास होत नाही. जाता जाता एक बारकावा: तुमच्या पातळीवर लोक बिअर हातात घेऊन मैदानाच्या कडेला उभे राहू शकतात. पण १९८५ च्या कायद्यामुळे एफए कपाच्या पहिल्या मुख्य फेरीपासून मैदान दिसेल अशा जागी मद्य चालत नाही. इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या गर्दीच्या दिवशी बार चालवणाऱ्याला हा धक्का आयत्या वेळी देऊ नका.

औपचारिक सन्मान जरूर करा, फक्त माणूस पाहून. काउंटी एफए दीर्घ सेवेचे पुरस्कार देतात, तळागाळातल्या फुटबॉलसाठी वार्षिक पुरस्कारही असतात, पण शिफारस क्लबनं पाठवावी लागते आणि बहुतेक क्लब पाठवतच नाहीत. चाळीस वर्षं मैदान राखणाऱ्या माणसासाठी ब्रिटिश एम्पायर मेडलची शिफारसही कुणालाही करता येते. निर्णयाला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं, आणि तोवर त्याला कळू द्यायचं नसतं. उलट, काही माणसांना स्टेजवर बोलावणं म्हणजे शिक्षा वाटते. आमच्या किट धुणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, 'माझं नाव पुकारलंत तर मी येणार नाही.' कर्णधार आणि दोन खेळाडू त्यांच्या दारात जाऊन चहा पिऊन आले. मॅनेजर आणि खेळाडूंनी मानलेले आभार कमिटीच्या आभारांपेक्षा फार वजनदार असतात, हे मी सतत पाहतो. नव्या मॅनेजरशी बोलणी करतानाच त्याला सांगून टाका: टी हटमध्ये काम करणाऱ्यांची नावं पहिल्या महिन्यात पाठ पाहिजेत.

राहिला प्रश्न नव्या माणसांचा. कोल्हापुरात पेठेच्या तालमीचा संघ शाहू स्टेडियमवर उतरतो तेव्हा कार्यकर्ते शोधावे लागत नाहीत. पेठेत जन्मलेला पोरगा आपोआप पताका बांधायला आणि वर्गणी मागायला लागतो. इथे तसं होत नाही, इथे विचारावं लागतं. 'मदत हवी आहे, इच्छुकांनी संपर्क साधावा' ही पाटी मी वर्षानुवर्षं लटकलेली पाहिलीय, तिनं एकही माणूस आणला नाही. 'पुढच्या महिन्यातले दोन शनिवार, अडीच ते सव्वातीन, टर्नस्टाइलवर माझ्याबरोबर बसाल का?' असं विचारलं की लोक हो म्हणतात, कारण कामाला सुरुवात आणि शेवट दिसतो. रविवारी सकाळी मुलांना खेळायला आणणारे पालक हा सगळ्यात मोठा साठा, आणि त्यात आपली मराठी कुटुंबंही आता बरीच दिसतात. मंडळाच्या गणेशोत्सवात दोनशे माणसांची पंगत उठवणारे हे लोक क्लबात मात्र कडेला उभे असतात, कारण कमिटी ही इथल्या जुन्या लोकांची गोष्ट आहे असं त्यांना वाटतं. त्यांना नाव घेऊन विचारा. मुलांशी संबंधित काम असेल तर डीबीएस तपासणी (गुन्ह्यांच्या नोंदींची पडताळणी) आणि मुलांच्या सुरक्षिततेकडे बघणाऱ्या वेल्फेअर ऑफिसरशी भेट आधी, उत्साह नंतर.

आणि प्रत्येक कामाला दुसरा माणूस. नुसता कागदावर नको. महिन्यातून एकदा त्यानं ते काम प्रत्यक्ष करायला हवं. 'माझ्याशिवाय बंद पडेल' या भीतीनं वर्षानुवर्षं चिकटून राहिलेला माणूस शेवटी वैतागून, भांडून जातो. ज्याला ठाऊक आहे की आजारी पडलो, नातवाच्या वाढदिवसाला गेलो तरी शनिवार निभेल, तो आणखी पाच वर्षं टिकतो. सोडायचंच असेल त्याला चांगल्या मनानं सोडू द्या. तहहयात सभासदत्व, मोफत प्रवेश, आणि निदान सहा महिने कुठलंही काम सांगायचं नाही. विश्रांती घेऊन परत आलेले मी बरेच पाहिलेत. गळ घालून थांबवलेले फारसे टिकलेले पाहिले नाहीत.

या वर्षीचं जेवण ठरलंच असेल तर ते होऊ द्या. फक्त स्वयंपाक आणि वाढणं स्वयंसेवकांकडे देऊ नका. हसू नका, हे निम्म्या क्लबांत होतं. आणि जुलैत सरावाचे सामने सुरू व्हायच्या आत तो कागद भरून कमिटीपुढे ठेवा. ज्या ओळीत एकच नाव पाचव्यांदा येतं तिथून सुरुवात करा.